मडगार्डला घासणारे टायर

बायकोला हे माहीत नाही. कुणालाच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण काही नाही. माझीच मला चीड येते, एवढंच.

माझी गाडी लहानातली लहान. कंपनीचे टायर एकशे पंचेचाळीस मिलिमीटर रुंदीचे, अगदी काडीसारखे. वर्ध्यात माझं कापडाचं दुकान आहे. शेजारचे दुकानदार चहा पिताना म्हणायचे, "गाडीले सायकलचे चाकं लावले का गा?" सगळे हसायचे, मीही हसायचो. पण लागलं. गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर अलॉयची चकचकीत चाकं बघत बसायचो. टायरवाल्यानं एकशे पंचावन्न सुचवले, फार तर पासष्ट. मी पंचाहत्तर घेतले. का? रुंद दिसतात म्हणून. दुसरं कारण शोधलं — सापडलं नाही.

चाकं मडगार्डच्या बाहेर आली. काय रुबाब! स्टिअरिंग जड झालं, अ‍ॅव्हरेज घसरलं, ते मी गिळलं. बायको आधीच म्हणाली होती, नका लावू. मग आता कुठल्या तोंडानं कबूल करणार?

आमची मोठ्याई, म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. नालवाडीत आमच्या मागच्याच गल्लीत राहते. अंगानं भरलेली. चतुर्थीला तिला घेऊन आम्ही केळझरच्या गणपतीला जायचो. मागे ती आणि माझ्या दोघी पोरी. नवी चाकं लावल्यावर तसेच निघालो, आणि पहिल्याच स्पीडब्रेकरवर मागून आवाज आला — खर्रर्र. मला तिथल्या तिथे कळलं. मागे माणसं बसली की गाडी दबणार, दबली की रुंद टायर मडगार्डला घासणार. यात न कळण्यासारखं काय होतं?

पुढच्या ब्रेकरवर पुन्हा. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "कायचा आवाज होऊन राह्यला?"

आणि मी — मी आरशात बघून म्हणालो, "मोठ्याई, जरा मधात सरक. तुह्या बाजूनं लोड येऊन राह्यला."

पोरी खिदळल्या. मोठ्याईसुद्धा हसली, सरकली. मग केळझर येईपर्यंत तिनं दारावरची मूठ घट्ट धरून ठेवली. प्रत्येक ब्रेकरला ती स्वतःला वर उचलून धरत होती. आरशात मला सगळं दिसत होतं.

पुढच्या चतुर्थीला तिचा गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या वेळी ती आमच्या आधीच एसटीनं एकटी निघून गेली. मला समजलं नाही असं म्हणू? समजलं होतं. रिकाम्या जागेवर नारळाची पिशवी ठेवली आणि गाडी काढली.

शेवटी मडगार्डच्या काठानं टायरच कापला. चिडचिड करत, आदळआपट करत मी माळ्यावरची जुनी चाकं काढून बसवली. बायकोला सांगितलं, अ‍ॅव्हरेज मिळत नाही. मग मोठ्याईच्या दारात गाडी उभी केली, म्हटलं, चाल. नाही नाही म्हणत बसली. जुनी चाकं तिच्या डोळ्यांसमोर होती, पण चाकांकडे बघतो कोण?

ब्रेकर आला. तिनं मूठ धरली. गाडी आवाज न करता पार झाली.

"पाह्य," ती म्हणाली, "आता नाई वाजत. म्या भात सोडला ना!"

केवढी खूश होती! चाकं बदलली, मोठ्याई — एवढंच तर बोलायचं होतं. जीभ झडली असती का माझी? मी म्हणालो, "हो ना." देवळात तिनं ओळखीच्या दोन बायांना ते कौतुकानं सांगितलं. मी शेजारी चपला सांभाळत उभा होतो.

काल ती आमच्याकडे जेवायला होती. भात तिला जीव की प्राण. लहानपणी माझ्या ताटातला उरलेलाही ती संपवायची. बायको वरणभात वाढायला गेली, तर तिनं ताटावर हात आडवा धरला.

"नको वं. गाडीत बसा लागते."

मी माझ्या भातावर तूप मागून घेतलं आणि जेवलो.