हिरव्या दोऱ्याची पाकिटं

"रविवारचा डबा रिकामा हाय. त्यातला खिमा गेला कुठं?" गोजराने तिसऱ्यांदा विचारलं.

"मंगळवारच्यात घातला," शहाजी सुरी पुसत म्हणाला. "दोन किलो हुता. फेकायचा व्हय? फ्रीजात तर हुता."

"सोमवारी दुपारपातूर लाईट नव्हती. फ्रीज काय तुमच्या तोंडाकडं बघून गार ऱ्हातोय?"

आतल्या खोलीतून सासू बाळाबाई म्हणाली, "अगं, दुकानात नवऱ्याला उभं करून विचारतीस? गिऱ्हाईक ऐकंल."

"ऐकू दे, आत्या. खानार तेच हायती."

साताऱ्याकडून येऊन शहाजीने नेरूळात मटणाचं दुकान टाकलं, त्याला आठ वर्षं झाली होती. गेल्या वर्षापासून, म्हणजे शहाण्णवपासून, तो आसपासच्या तीन किराणा दुकानांना खिम्याची पाकिटं पुरवत होता. नोकरीवरून परतणाऱ्या बायका तेलासाबणाबरोबर पाकीट उचलायच्या. शहाजीला त्याचा फार अभिमान.

दोऱ्याची युक्ती मात्र गोजराची. तिचा बाप खाटीक. बाजारात आणलेली बकरी कोणाची कोणती, हे तो गळ्यातल्या रंगीत दोऱ्यावरून ओळखायचा. तसा ती रोजच्या पाकिटांना वेगळ्या रंगाचा दोरा बांधायची. कोणत्या दुकानात किती पाकिटं गेली, ते कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या, चौथी पास अक्षरात लिहायची. काही वाईट निघालं तर तेवढंच परत आणता यावं, एवढाच हेतू. "खिम्याला राख्या बांध," म्हणून शहाजी हसायचा.

सोमवारी गिऱ्हाईक नसतं. रविवारचं उरलेलं पूर्वी घरातच शिजायचं.

आज बुधवारी सकाळी किराणावाला नंदकुमार स्कूटरवरून स्वतः आला होता. "वहिनी, चारुलता मॅडमच्या सासऱ्यांना रात्री ॲडमिट केलंय. उलट्या, जुलाब. काल माझ्या दुकानातून तुमचाच खिमा नेला होता. हिरवा दोरा." आवाज चढवला नव्हता त्याने. बाहेर पानाच्या टपरीशी तो अजून थांबून होता.

गोजराने कॅलेंडर खाली घेतलं. मंगळवार, हिरवा, एकोणीस पाकिटं. एकोणीस म्हणजे फार नव्हती. आणता आली असती.

"रविवारचा मशिनीत कवा टाकला? आधी, का शेवटी?"

शहाजी पुसलेलीच सुरी पुन्हा पुसू लागला.

"शेवटी टाकला आसंल, तर शेवटचीच पाकिटं धुंडायची. सांगा."

"थोडा थोडा सगळ्यात टाकला," तो म्हणाला. मग हळूच, "वास दबावा म्हनून."

बाळाबाई दारात येऊन उभी राहिली होती.

"आन् काल उरला त्यो?" गोजराने विचारलं.

"आज सकाळच्यात."

आजचा दोरा पिवळा. पहाटे तिनेच बांधला होता. "आन् गेल्या मंगळवारी?"

"तवाबी तसंच," शहाजी खाली बघत म्हणाला. गोजरा कॅलेंडरकडे बघत राहिली. तिच्या हातचे आकडे खरे होते. ज्यासाठी लिहिले, ते मात्र सगळं खोटं पडलं होतं. याच आकड्यांच्या भरवशावर तिने नंदकुमारला छातीठोकपणे सांगितलं होतं की आमच्याकडे सगळं वेगळं असतं.

ती नंदकुमारच्या स्कूटरवर मागे बसून निघाली. तिन्ही दुकानांच्या फ्रीजमधून हिरवी, पिवळी, होती तेवढी पाकिटं काढली. विकलेली कुणी नेली, हे दुकानदारांना आठवत होतं. ती त्या-त्या घरांचे जिने चढून गेली. एका घरात कढई गॅसवर होती, कांदा लालसर झाला होता. "ताई, हा शिजवू नका," एवढंच ती म्हणाली. त्या बाईने गॅस बंद केला, पाकीट हातात दिलं आणि दार लावून घेतलं. तीन पाकिटं मिळाली नाहीत. ती खाल्ली गेली होती.

आणलेल्या सगळ्यावर तिने फिनेल ओतलं आणि दुकानामागे खड्डा खणून पुरलं. संध्याकाळी दवाखान्यात जाऊन आली. म्हातारा अजून सलाईनवर होता. चारुलताने तिला बस म्हटलं नाही.

घरी बाळाबाईने ताटं वाढली होती. शहाजी म्हणाला, "चुकलं माझं. म्होरल्या आठवड्यापासनं नीट करू."

"दुकानांना पाकिटं जायची न्हाईत," गोजरा म्हणाली. "तिघांनाबी सांगून आले. ज्याला खिमा पायजे, त्यानं हितं उभं राहून डोळ्यांदेखत करून न्यायचा. आन् मशीन मी चालवनार."