सडकेला आडवा आलेला देव

सोमलिंगानं मोजणीच्या दगडाला भस्म फासलं, बेल वाहिला आणि तिथंच सगळा घोटाळा झाला. निजाम सरकारची मोटारीची नवी सडक नळदुर्गाबाहेरच्या त्याच्या गाडीतळाला लागून जाणार होती. बायको शांतम्मा गेल्यापासून, मुक्कामाला उतरणाऱ्या गाडीवानांच्या गप्पा हाच त्याचा संसार उरला होता. सडक आली तर गाडीवान वाढतील, पण कुणी दगड उपटला तर ती हुकेल, म्हणून ही शिवभक्ती! पण आठवड्याभरात बायका तिथं दिवे लावू लागल्या. मोजणीचे साहेब आले आणि लांबूनच हात जोडून म्हणाले, "देवाच्या अंगावरून सडक? नको रे बाबा!"

"साहेब, दगड तुमचाच हाय की!" सोमलिंग कळवळला. बायकांनी त्यालाच पाखंडी ठरवलं.

सडक पलीकडच्या माळावरून गेली, गाड्याही तिकडंच वळल्या. आता देवाला रोज नैवेद्य मिळतो. सोमलिंगाला बोलायला माणूस मिळत नाही.

गेल्या आठवड्यात जुना गाडीवान ईरण्णा वाट वाकडी करून बैलांना पाणी पाजायला आला.

"बस की घटकाभर," सोमलिंग म्हणाला.

"तुळजापूरहून येताना बसतो, मामा. तुमची बैठक उधार!"

चौथ्या दिवशी परतणाऱ्या ईरण्णाच्या बैलांची घुंगरं ऐकू आली, ती नव्या सडकेवरून. बैठक अजून उधारच आहे.