धनसिंग आबांचे सरळ वाफे

जळगावच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात धनसिंग आबांनी एकतीस वर्षं इंजिन सांभाळलं. त्या आवाजानं कान अधू झाले. १९३५ साली मालकानं त्यांना घरी बसवलं. आम्ही त्यांचे शेजारी, त्यामुळे पुढचं सगळं आमच्या डोळ्यांसमोर घडलं.

घरी बसणं आबांना जमेना. आठवडाभरात त्यांची नजर परसाकडे वळली. ते परस सुंदरबाईंचं, त्यांच्या बायकोचं. मोरीच्या पाण्यावर अळू, शेवग्याखाली मिरच्या, कुंपणावर दोडका, आणि मधल्या जागेत जे आपोआप उगवेल ते. आबांना तो सगळा गबाळेपणा वाटला. सुंदरबाई चार दिवस लेकीकडे धरणगावला गेल्या, तेवढ्यात आबांनी दोरी लावून सरळ वाफे पाडले, अळू उपटून कोपऱ्यात नेलं, मिरच्या उन्हात ओळीनं लावल्या, आणि घोळ, तांदुळजा या आपोआप उगवणाऱ्या पालेभाज्या तण म्हणून फेकून दिल्या.

सुंदरबाई परतल्या. दारात उभं राहून त्यांनी सगळं पाहिलं. "चांगलं शे," एवढंच म्हणाल्या आणि चुलीशी गेल्या. त्यानंतर त्या परसात पाऊल टाकेनात. भाजी बाजारातून आणू लागल्या. आबांनी विचारलं तर म्हणायच्या, "ते आते तुमनं शे. माले काय समजस?"

आबांना आधी यात राग दिसलाच नाही. कारखान्यात मशीन कुरकुरलं की त्यांना कळायचं. इथे काहीच कुरकुरत नव्हतं.

चैत्र लागला आणि मिरच्या माना टाकू लागल्या. आबा दिवसातून दोनदा पाणी घालायचे, कळशी हिंदकळायची. अळू वाळून गेलं. एका सकाळी ते ओट्यावर सुंदरबाईंच्या शेजारी येऊन बसले.

"तू कसं करस, ते माले दाखाड," ते म्हणाले.

त्यांना ऐकू यावं म्हणून सुंदरबाई कानाशी वाकल्या. "दाखाडाना काय शे? बसी ऱ्हा आणि देखा."

त्यांनी परसात बाज टाकली आणि आबांना तिथे बसवलं. ऊन कुठून येतं, सावली कुठे सरकते, मोरीचं पाणी कुठे मुरतं, एवढंच पाहायचं. खुरप्याला हात लावायचा नाही. आबा पाच दिवस बसले. सहाव्या दिवशी त्यांनी स्वतःहून सांगितलं की मिरच्यांची जागा शेवग्याखालीच. सुंदरबाई उठल्या, पदर खोचला आणि परसात उतरल्या.

मेथीचे दोन सरळ वाफे मात्र त्यांनी आबांकडेच राहू दिले. "तठे तुमना राज," म्हणाल्या. पावसाळ्यात घोळ पुन्हा आपसूक उगवला, आणि आबा तो निवडायला बसू लागले. कोवळी पानं कोणती, जून कोणती, हे त्यांना वयाच्या साठीत शिकावं लागलं. शिकताना ते चुकायचे, आणि सुंदरबाई हसून ती पानं शेळीपुढे टाकायच्या.

अशी आठ वर्षं गेली. शेवटी आबांचे गुडघे गेले. मग सुंदरबाई काम करायच्या आणि आबा बाजेवरून बोलत राहायचे. माझ्या आईनं एकदा विचारलं, "अक्का, एवढं काय बोलता दिवसभर?"

सुंदरबाई वांगी तोडत होत्या. म्हणाल्या, "तरणपणी हे दिसभर कारखान्यात, मी घरमा. तवाचं सगळं बोलनं बाकी शे."