करवंदांचा चीक

समोरच्या खोलीतले काका मे महिन्यात नातवंडं सुट्टीला यायच्या आधी करवंदं आणायला नायगावहून दादरला चालत जातात, आणि पिशवी धरायला मला नेतात. घेतात ती फक्त वाडा तालुक्यातून येणाऱ्या एका मावशीकडून. तिच्या घरच्या शेताच्या बांधावर करवंदीच्या जाळ्या आहेत. "मंडईतल्या करवंदांचं लोणचं होतं, पण त्याला जीव नसतो," असं काका अख्ख्या मजल्याला ऐकवतात. मला ते जरा अतीच वाटतं.

त्यांची परीक्षा ठरलेली. एक हिरवं करवंद उचलायचं आणि देठाशी नख लावायचं. ताजं असेल तर पांढरा चीक येतो. तो अंगठ्याला चिकटला की काका खूश होऊन रुमालाला अंगठा पुसतात, मावशी हसते, मग वजन होतं.

यंदा काकांनी नख लावलं, पण चीक आला नाही. दुसरं घेतलं, तेही तसंच.

"काय गो, तुझ्याच बांधावरची ना?"

"घरचीच, बाबा," मावशी पाटीकडे बघत म्हणाली.

शेजारची भाजीवाली माझ्या कानाशी लागली, "तिचा बांध रस्त्यात गेला. ही मंडईतली आहेत."

मी लगेच काकांना सांगायला तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"दोन किलो दे," ते मावशीला म्हणाले, आणि रुमाल काढून तो कोरडा अंगठा नेहमीसारखाच घासून घासून पुसला.