अवेळची घंटा

आबांनी फोनवर एवढंच सांगितलं, "सामान बांधून ठेव. उद्या न्यायला येऊन राहिलो." मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. नाताळात विद्यापीठाच्या चॅपलमध्ये मी गायनमंडळात गायले, त्याचा व्हिडिओ नरसीकडच्या आमच्या गावात मोबाईलवरून फिरला, आणि पोरगी किरिस्तान झाली असं गावानं ठरवूनही टाकलं. असले निकाल द्यायला गावाला कधीच वेळ लागत नाही.

मी सामान बांधलं नाही. दुसऱ्या दिवशी हट्टानं चॅपलमध्ये तालमीला गेले. गाणं मला घरातूनच, बापाकडून आलेलं. आबा गावच्या भजनात पखवाज वाजवायचे, त्यांच्या मांडीशी बसूनच मी सूर धरायला शिकले. तेच आता माझं शिक्षण बंद करायला निघाले होते, याचा मला भयंकर राग आला होता. भीती त्याहून जास्त होती.

ते दारात दिसले आणि मी बाकामागे वाकले. त्यांनी चपला काढल्या, टोपी नीट केली आणि औंढ्याच्या देवळात करतात तसा आत येण्याआधी हात वर नेला. इथली घंटा मनोऱ्यात, खाली नुसता दोर लोंबत होता. त्यांनी तोच धरून जोरात ओढला.

चॅपलची ही घंटा फक्त रविवारी वाजायची. एरवी वाजली तर कुणीतरी गेलं, असा अर्थ. वसतिगृहातल्या पोरी धावत आल्या, मेसमधल्या बाया आल्या, पाळकसाहेब धापा टाकत आले. "कोण गेलं?"

आबा दोर धरून तसेच उभे. "कुणी न्हाई गेलं, साहेब. देवाच्या दारात आलो म्हणून वाजवली."

एक पोरगी खुदकन हसली, दुसरीनं मोबाईल वर धरला. मग मात्र माझं डोकं फिरलं. बाकामागून उठून मी ओरडले, "खाली कर तो मोबाईल! बाप आहे माझा."

मोबाईल खाली आला. आबांनी माझ्याकडे पाहिलं. "धरम बदलला का?"

"न्हाई."

"गाव तसंच म्हणून राहिलं."

"मंग गावालाच पाठवायचं होतं मला न्यायला. तुमी काहून आलात?"

बापाला असं उलट मी कधीच बोलले नव्हते. आता हाताला धरून ओढत नेतात, असं वाटलं. पाळकसाहेबांनी त्यांना बाक दाखवला, पण आबा फरशीवरच बसले. "म्हण, काय म्हणत होतीस ते."

मी म्हटलं. आबांनी डोळे मिटले होते, आणि त्यांचा हात मांडीवर ठेका धरत होता. संपल्यावर ते उठले, "दुसऱ्या कडव्याला घाई करतीस," म्हणाले, परीक्षा कधी ते विचारलं आणि एकटेच एस.टी.नं परत गेले.

सुटले म्हणून मी त्या दिवशी खूप रडले. पुढे आईकडून कळलं, की एकादशीच्या भजनात आबांना कुणी बोलावलंच नाही. पोरीला का आणलं नाही, असं विचारायला आलेल्यांना त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "मी बी बसून आलो तिथं."

मी लगेच फोन लावला. म्हटलं, "आबा, मी गायचं सोडते." ते केवढ्यानं तरी ओरडले, "मंग मी भजन कशापायी सोडलं?"