दाराशी बसणारी वहिनी

त्या कारखान्यात मोटरसायकलचे जुने भाग चकचकीत होऊन बाहेर पडत. कुणी मडगार्डला मुलामा चढवून घेई, कुणी चाकांना भट्टीतला पावडरचा रंग. पण कुठलाही भाग आत जायचा तो दाराशी बसलेल्या वहिनीच्या हाताखालून. धाकट्या मालकाची ती वहिनी, म्हणून कामगारांचीही वहिनीच.

तिच्यापुढे लाकडी मेज, त्यावर लोहचुंबक, बारीक कानस आणि व्हिनेगरची बाटली. चुंबक चिकटला की लोखंड किंवा पोलाद. नाही चिकटला तर आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला कानस फिरवायची. पिवळं दिसलं की पितळ. पांढरं निघालं की खरी पंचाईत. ॲल्युमिनियम धुलाईच्या कॉस्टिक सोड्याच्या टाकीत टाकलं की विरघळायला लागतं. जस्ताचं ओतीव काम दिसायला तसंच, पण हाताला जड, आणि भट्टीत गेलं की अंगभर फोड. गिऱ्हाइकं थट्टा करत, "वहिनी, आमच्या मेव्हण्यालाही एकदा चुंबक लावून बघा, कुठल्याच नोकरीला चिकटत नाही!" ती हसायची, पण हातातलं काम सोडायची नाही.

हे काम तिनं हौसेनं धरलं नव्हतं. कारखाना दोघा भावांचा. थोरला, म्हणजे तिचा नवरा, पॉलिशच्या चाकावर. धाकटा गिऱ्हाइकं बघायचा. एकदा शर्यतीच्या जुन्या गाडीचं इंजिनाचं झाकण आलं. धाकट्यानं वरवर पाहिलं आणि म्हणाला, "ॲल्युमिनियमच आहे दादा, लाव चाकाला." ते मॅग्नेशियम होतं. चाकाखाली त्याचा भुगा साचला, मागाहून चाकाला लावलेल्या पोलादी भागाची ठिणगी त्यात पडली आणि पांढरी आग उसळली. धाकट्यानं धावत जाऊन बादलीभर पाणी ओतलं. त्या आगीला पाणी म्हणजे तेलच. भडका थेट थोरल्याच्या तोंडावर आला. जीव वाचला, डोळे गेले.

नवरा घरी अंथरुणाला खिळलेला असतानाच ती कारखान्यात आली आणि दिराला म्हणाली, "भाऊजी, दाराशी मला एक मेज द्या. यापुढे मी बघितल्याशिवाय काही आत जायचं नाही." त्यानं त्याच दिवशी मेज आणून दिलं. टाकीवरच्या म्हाताऱ्या काकांनी तिला धातू ओळखायला शिकवलं. सुरुवातीला ती चुकायची, बोटं सोलून घ्यायची, पण चिकाटी सोडली नाही.

धाकट्यानं भावाचं घर चालवण्यात कधी हात आखडता घेतला नाही. मात्र उंबरा त्यानं ओलांडला नाही. पायरीवर उभा राहून विचारायचा, "वहिनी, दादा कसा आहे?" दादा आत खुर्चीवर बसून ते ऐकायचा आणि गप्प राहायचा. वर्षं अशीच गेली.

मग एका सकाळी एका गिऱ्हाइकानं खोकं आणलं. वहिनीनं एकेक भाग तपासला. तळाशी एक झाकण होतं. चुंबक चिकटला नाही. उचललं, तर हात अपेक्षेपेक्षा वर गेला, इतकं ते हलकं. तिनं कानशीनं कोपरा खरवडला, व्हिनेगरचा थेंब सोडला. थेंब फसफसला. मॅग्नेशियम. तिनं दिराला हाक मारली.

"काय झालं, वहिनी?" धाकटा धावत आला. तिनं झाकण पुढं केलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

गिऱ्हाइकाला तिनं सांगितलं, "हे आमच्याकडे होणार नाही. पण संध्याकाळपर्यंत राहू द्याल का?" तो बरं म्हणाला. मग ती दिराकडे वळली. "हे त्यांच्या हातात द्यायचंय. तुम्हीही चला."

"मी कोणत्या तोंडानं येऊ?"

"आहे त्याच तोंडानं या. त्यांना कुठं दिसतंय?"

बोलून गेल्यावर तिलाच चरका बसला. पण तो निघाला.

थोरल्यानं झाकण मांडीवर घेतलं. कडा चाचपल्या, तळहातावर तोललं. उंबऱ्याच्या आत अवघडून उभ्या असलेल्या भावाचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"असंच हलकं होतं," थोरला म्हणाला. "हातात घेतलं तेव्हाच मला वाटलं होतं, हे काहीतरी वेगळं आहे. बोललो नाही. घाई काय तुला एकट्याला होती?"

"दादा, पण पाणी मी..."

"आग लागली की माणूस पाणीच ओततो रे. दुसरं काय ओतणार होतास?"

धाकटा भावाच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. वहिनी मागल्या दारी जाऊन उभी राहिली. तिला रडू आलं नाही, राग आला. इतकी वर्षं हा माणूस हे एक वाक्य गिळून बसला होता, आणि ती दोघांच्या मधे पायरी होऊन राहिली होती. तो राग तिनं कुणाला सांगितला नाही. ओसरायला मात्र बरेच दिवस लागले.

पुढं थोरला कारखान्यात यायला लागला. पहिल्या दिवशी पॉलिशच्या चाकाची घरघर कानावर पडताच तो घरी परतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. आता तो भट्टीत जाणारे भाग आकड्यांना अडकवतो, आत रंग शिरू नये म्हणून आट्यांच्या भोकांत रबरी बुचं बसवतो. बूच सैल बसलं की भावावरच खेकसतो, "रबर कुठून आणतोस रे असलं?" धाकटा निमूटपणे दुसरं आणून देतो, आणि जाता जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवतो.