एकावर एक तळहात

मुलांनो, कर्वेनगरच्या औषधांच्या दुकानातल्या बाईंचं नाव मला आजही माहीत नाही. पाकीट देण्याआधी त्या ते दोनदा वाचतात.

त्या दिवशी त्यांनी माझा थरथरणारा हात पाहिला. “नवीन काही घेताय, आजी?”

“उदासीवरच्या माझ्या गोळ्या संपल्या, म्हणून आठवडाभर बहिणीच्या उरलेल्या घेतल्या. नाव जवळपास तेच, मिलिग्रॅमचा आकडाही तोच.”

“डॉक्टर कधी झालात?” त्यांनी तळहात एकावर एक ठेवले, अंगठे विरुद्ध दिशांना गेले. “तुमच्या गोळीत औषधाची अशी दोन रूपं आहेत, आरशातल्यासारखी. मेंदूवर काम करतं ते एकच. बहिणीच्या गोळीत फक्त तेच आहे. तुम्ही दुप्पट घेतलंत.”

मी हात काउंटरखाली लपवला. त्यांनी तो वर घेऊन त्यात फोन ठेवला. “आता खऱ्या डॉक्टरांना विचारा.”